नळ चालू, मोरी तुंबलेली : दाहाची विकरे आणि आतड्यातील गाठी

मागच्या अंकात मोठ्या आतड्यातील पॉलिपविषयी, म्हणजे अस्तरावर उगवणाऱ्या गाठींविषयी, लिहिताना, ‘दाहाच्या वेळी पेशी जी विकरे तयार करतात, त्यांतली काही आतड्यातील गाठीच्या वाढीला हातभार लावतात’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यालाच द्यावे लागत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि एकाच आशयाच्या पत्रांतून एकेक निवडले आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विकर म्हटले की आम्ही मुलांना लाळेतले अमायलेज आणि जठरातले पेप्सिन सांगतो. विकर गाठ वाढवते म्हणजे नेमके काय करते? शिवाय दाह ही तर जखम बरी व्हावी म्हणून शरीराने केलेली सोय आहे. ती घातक कशी ठरते? — एक शिक्षिका, सातारा

आपण शिकवता त्यात चूक काही नाही, पण ती विकरे (एन्झाइम) पेशीबाहेर पडून अन्नावर काम करणारी आहेत. येथे ज्यांच्याविषयी बोलायचे ती पेशीच्या आत राहतात आणि बहुतांशी पेशीच्याच आवरणातल्या मेदावर काम करतात. पेशीला इजा झाली, जंतू येऊन भिडला किंवा शेजारच्या पेशीने इशारा दिला, की फॉस्फोलायपेज नावाचे विकर आवरणातल्या मेदरेणूंतून ॲराकिडोनिक आम्ल सुटे करते. त्या आम्लावर सायक्लोऑक्सिजनेज हे विकर काम करते आणि पुढे आणखी एक-दोन विकरांच्या हातून जाऊन त्याची प्रोस्टाग्लँडिने होतात. ताप, ठणका, लाली, सूज या आपल्या नित्याच्या ओळखीच्या गोष्टींमागे बऱ्याच अंशी हेच रेणू असतात. आतड्याच्या बाबतीत त्यांतले प्रोस्टाग्लँडिन ई-2 सर्वांत महत्त्वाचे. ॲस्पिरिन ही निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले आणि 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

सायक्लोऑक्सिजनेजचे, म्हणजे संक्षेपाने कॉक्सचे, दोन प्रकार आहेत. कॉक्स-1 हे सालगड्यासारखे आहे. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणे आणि प्लेटलेटना एकमेकींना चिकटायला मदत करणे, अशी रोजची कामे ते वर्षभर मुकाट्याने करते. कॉक्स-2 हा हंगामाला बोलावलेला मजूर. 1991 च्या सुमारास त्याची स्वतंत्र ओळख पटली. एरवी तो बहुतेक पेशींत दिसत नाही, दाह सुरू झाला की काही तासांत हजर होतो, आणि काम आटोपले की त्याने निघून जावे अशी अपेक्षा असते. (मेंदूत आणि मूत्रपिंडात तो बारमाही असतो, त्यामुळे उपमा तंतोतंत जुळत नाही, पण आतड्यापुरती ती चालेल.) आतड्यातल्या गाठीत हा मजूर हंगाम संपल्यावरही परत जात नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी 1994 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींची तुलना केली, तेव्हा मोठ्या आतड्याच्या सुमारे 85 टक्के कर्करोगांत कॉक्स-2 शेजारच्या निरोगी अस्तरापेक्षा खूप वाढलेले आढळले. कर्करोग अजून झालेला नाही अशा पॉलिपांपैकी निम्म्याच्या आसपास पॉलिपांतही ते वाढलेले होते. कॉक्स-1 मात्र सगळीकडे जवळपास सारखेच होते.

आता हा मजूर तेथे करतो काय, हे पाहू. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. अस्तरातल्या खोलगट विहिरींच्या तळाशी पेशी जन्मतात, वर सरकतात आणि काठावर येऊन झडतात. या ये-जा करण्यावर एपीसी नावाच्या जनुकाचा वचक असतो, आणि माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या बहुसंख्य गाठींत पहिला बिघाड याच जनुकात झालेला असतो. म्हणजे अशा गाठीचे बी दाहाने पेरलेले नसते. परंतु बिघडलेल्या पेशींच्या भोवती प्रोस्टाग्लँडिन ई-2 साचले, की त्या पेशी अधिक वेगाने विभागतात, ज्यांनी झडून जायचे त्या टिकून राहतात, त्यांच्याकडे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि एरवी अशा पेशींना टिपणाऱ्या संरक्षक पेशी सुस्तावतात. जखम भरताना हीच चारही कामे शरीराला हवी असतात. फरक इतकाच की जखम भरली की ती थांबतात आणि गाठीत त्यांना थांबवणारे कोणी उरत नाही. गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात, तेव्हा जुनाट दाह आणि कर्करोग यांचा काही संबंध असावा, हा तर्क जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यांनी 1863 च्या सुमारासच मांडला होता. त्यांच्यापाशी साधन होते ते फक्त सूक्ष्मदर्शकाचे.

सूक्ष्मदर्शकाचा विषय निघालाच आहे तर एक दृश्य सांगतो. पॉलिपचा मेणात बसवलेला तुकडा घेऊन, केसाच्या जाडीच्या जेमतेम दहाव्या-विसाव्या भागाइतकी पातळ चकती काचपट्टीवर चढवतात आणि कॉक्स-2 ला चिकटणारे प्रतिपिंड लावून रंग देतात. कॉक्स-2 असेल तेथे तपकिरी रंग उमटतो, बाकीची केंद्रके निळी दिसतात. पहिल्यांदा पाहणारा साहजिकच गाठीच्या पेशींत तपकिरी रंग शोधतो. उंदरांच्या पॉलिपमध्ये मात्र त्या निळ्याच दिसतात आणि तपकिरी ठिपके त्यांच्याखालच्या आधारऊतीत विखुरलेले असतात. म्हणजे गाठ वाढते एकीची आणि खत टाकते दुसरी. पुढे वाढलेल्या मानवी कर्करोगांत गाठीच्या पेशीही तपकिरी दिसू लागतात. विकर ‘किती आहे’ इतकेच ‘कोणत्या पेशीत आहे’ हे महत्त्वाचे, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात मला याच मुद्द्यापाशी परत यावे लागणार आहे.

आणखी एक विकर आपल्या विद्यार्थ्यांना आवडेल. त्याचे नाव लांबलचक आहे, म्हणून 15-पीजीडीएच या आद्याक्षरांनीच त्याला ओळखतात. त्याचे काम प्रोस्टाग्लँडिन ई-2 मोडीत काढण्याचे. निरोगी मोठ्या आतड्याच्या अस्तरात ते भरपूर असते, आणि कर्करोगात बहुधा नाहीसे होते, असे 2004 मध्ये दिसून आले. मोरीत पाणी तुंबते ते नळ चालू राहिल्यामुळे आणि जाळीत कचरा अडकल्यामुळे. गाठीत या दोन्ही गोष्टी एकदम घडतात.

प्रश्न : गाठीत एखादे विकर वाढलेले दिसले म्हणून ते गाठीचे कारण ठरत नाही, आग लागते तेथे अग्निशामक बंब दिसतोच. हे विकर खरोखर दोषी आहे, हे कसे सिद्ध केले? — औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी, कोल्हापूर

शंका रास्त आहे आणि बंबाचा दाखला तर चपखल आहे. तो प्रश्न उंदरांनी सोडवला. 1990 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात असे उंदीर सापडले, की ज्यांच्या आतड्यात आपोआप शेकड्यापर्यंत गाठी येत. त्यांना ‘मिन’ उंदीर म्हणतात. त्यांचा बिघाड एपीसी जनुकातच आहे, हे लवकरच कळले. पुढे जपानमध्ये माकोतो ताकेतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जनुकात वेगळ्या जागी बिघाड केलेले उंदीर तयार केले, आणि त्यांचा संकर कॉक्स-2 चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांशी केला. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे होते : कॉक्स-2 च्या दोन्ही प्रती शाबूत असलेल्या उंदरांत सरासरी 652 पॉलिप, एकच प्रत उरलेल्यांत 224, आणि दोन्ही प्रती गेलेल्यांत 93. बंब हटवल्यावर आग कमी झाली, तेव्हा तो बंब पाण्याऐवजी रॉकेल फवारत होता असेच म्हणावे लागते.

हे आकडे कसे मिळतात तेही पाहण्यासारखे आहे. उंदराचे आतडे जेमतेम सव्वा फूट लांब असते. ते काढून, खाऱ्या पाण्याने धुऊन, बारीक कात्रीने उभे चिरतात आणि टिपकागदावर पसरून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग मेथिलिन ब्ल्यूने रंगवून भिंगाखाली एकेक गाठ मोजायची आणि तिचा व्यास नोंदवायचा. मोजणाऱ्याला कोणते आतडे कोणत्या उंदराचे आहे हे सांगितलेले नसते. एका उंदरात सहाशे गाठी असतील तर मान मोडून येते. जनुकशास्त्राचा डौल कितीही मोठा असला तरी त्याचा पाया असा टिपकागदावर आहे.

पण येथून पुढे गोष्ट सरळ राहत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत येथेच आहे. सन 2000 मध्ये अमेरिकी संशोधकांनी मिन उंदरांतून कॉक्स-2 ऐवजी कॉक्स-1, तो गरीब सालगडी, काढून पाहिला. तरीही गाठी जवळपास तेवढ्याच, म्हणजे सुमारे चार-पंचमांश, घटल्या. म्हणजे हंगामी मजुराला काम मिळण्यासाठी सालगड्याचीही गरज लागत असावी. आज या कोड्याचे एक पटण्याजोगे उत्तर प्लेटलेटमध्ये शोधले जाते. त्यांच्यात कॉक्स-1 असते. अस्तराला इजा झालेल्या जागी त्या चिकटतात आणि आपले रेणू सोडून भोवतीच्या पेशींना कॉक्स-2 तयार करायला उद्युक्त करतात, असा तो विचार आहे.

फॉस्फोलायपेजची कथा आणखी उलटी आहे. पेशीच्या आत काम करणारे फॉस्फोलायपेज काढले, तर उंदरांतल्या गाठी कमी होतात किंवा लहान राहतात. पण त्याच कुळातले, पेशीबाहेर स्रवणारे एक भावंड आहे, ते गाठी रोखते. काही जातींच्या मिन उंदरांत गाठी फार आणि काहींत कमी का, याचा शोध घेताना 1995 मध्ये संशयाची सुई या भावंडावर आली. पुढे ते विकर गाठी फार येणाऱ्या जातीत मुद्दाम घातले, तर गाठी घटल्या. दाहाशी संबंधित म्हणून सगळ्या विकरांना एकाच पिंजऱ्यात उभे करणारे लेख मी जेव्हा वाचतो, तेव्हा मला या भावंडाची आठवण होते. प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार करणाऱ्या शेवटच्या टप्प्यातल्या विकरावर तर दोन प्रयोगगटांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले : एकाच्या उंदरांत गाठी घटल्या, दुसऱ्याच्या उंदरांत वाढल्या.

प्रोस्टाग्लँडिनांच्या या साखळीबाहेरचेही एक उदाहरण आहे : मॅट्रिलायसिन हे पेशींभोवतीचे जाळे कुरतडणारे विकर. ते नसलेल्या मिन उंदरांत गाठी 58 टक्क्यांनी कमी भरल्या (1997).

उंदरांच्या पुराव्याची एक मर्यादा मात्र विसरू नये. मिन उंदरांत गाठी प्रामुख्याने लहान आतड्यात येतात, माणसात त्या मोठ्या आतड्यात येतात. उंदराने वाट दाखवली, तरी चालून पाहायचे ते माणसातच.

प्रश्न : मी निवृत्त औषध प्रतिनिधी आहे. आमच्या काळात ‘पोटाला त्रास न देणाऱ्या’ वेदनाशामक गोळ्या आल्या आणि त्यांतली एक 2004 मध्ये अचानक बाजारातून गेली. त्या प्रकरणाचा आतड्यातील गाठींशी काही संबंध होता, असे ऐकतो. खरे काय? — एक वाचक, नागपूर

संबंध अगदी थेट आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. सुरुवात जरा मागून करू. 1983 मध्ये अमेरिकेत काही शल्यचिकित्सकांनी नोंदवले, की सुलिंडॅक हे जुने वेदनाशामक दिल्यावर कौटुंबिक पॉलिपोसिसच्या रुग्णांतले पॉलिप विरघळल्यासारखे कमी झाले. या आनुवंशिक विकारात तरुण वयातच मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप येतात आणि आतडे वेळीच काढले नाही तर कर्करोग जवळजवळ अटळ असतो. 1993 मध्ये 22 रुग्णांवर रीतसर तुलना झाली. नऊ महिन्यांनंतर पॉलिपांची संख्या मूळच्या 44 टक्क्यांवर आणि व्यास 35 टक्क्यांवर आला. औषध थांबवल्यावर तीन महिन्यांतच दोन्ही पुन्हा वाढू लागले. खत बंद केले म्हणून बी मरत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

सुलिंडॅकसारखी औषधे कॉक्स-1 आणि कॉक्स-2 दोघांनाही अडवतात, म्हणून जठरात व्रण होतात. तेव्हा फक्त कॉक्स-2 ला अडवणारी औषधे काढली, की गाठी आटोक्यात येतील आणि पोटही शाबूत राहील, हा विचार मोठा मोहक होता. अशा औषधांपैकी सेलेकॉक्सिबने कौटुंबिक पॉलिपोसिसच्या रुग्णांत सहा महिन्यांत पॉलिपांची संख्या 28 टक्क्यांनी घटवली. औषध नसलेल्या, केवळ तुलनेसाठी दिलेल्या निष्क्रिय गोळीने ती 4.5 टक्क्यांनी घटली. मग ज्यांचे साधे पॉलिप दुर्बिणीने काढलेले आहेत अशा लोकांवर मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. त्याच गटातल्या रोफेकॉक्सिबची चाचणी सुमारे 2,600 लोकांवर चालू होती. तिचा उद्देश पॉलिप परत येतात का हे पाहण्याचा होता, आणि त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके व पक्षाघात दुपटीच्या आसपास आढळले. मर्क कंपनीने 30 सप्टेंबर 2004 रोजी व्हायॉक्स (रोफेकॉक्सिबचे बाजारातले नाव) हे आपले औषध जगभरातून मागे घेतले. भारतातही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रोफेकॉक्सिबवर बंदी आली. म्हणजे आपण ज्या गोळीचे नमुने वाटत होता, तिचा दोष निर्णायकपणे सिद्ध झाला तो सांधेदुखीच्या रुग्णांत नव्हे, तर पॉलिप टाळू पाहणाऱ्यांत.

सेलेकॉक्सिबची अशीच एक चाचणी 2,035 लोकांवर झाली. तिचे आकडे मी अनेकदा व्याख्यानांत सांगतो, कारण त्यांत सगळा पेच मावतो. पॉलिप पुन्हा येण्याचे प्रमाण कमी मात्रेने 33 टक्के आणि जास्त मात्रेने 45 टक्के घटले. त्याच चाचणीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना अनुक्रमे 2.3 आणि 3.4 पट झाल्या. कारण पुन्हा ‘कोणत्या पेशीत’ हेच. रक्तवाहिनीच्या अस्तरातले कॉक्स-2 प्रोस्टासायक्लिन तयार करवते, आणि ते रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही. प्लेटलेटमधले कॉक्स-1 थ्रॉम्बोक्सेन तयार करवते, आणि ते गुठळी करते. केवळ कॉक्स-2 अडवले, तर तराजूचे एकच पारडे उचलले जाते. आतड्यात उपद्रवी ठरलेला हंगामी मजूर रक्तवाहिनीत पहारेकऱ्याचे काम करत होता, आणि गोळीला आतडे कोणते व रक्तवाहिनी कोणती हे कळत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 71 आहे, प्रकृती उत्तम. काकांना 54 व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ रोज घेतली तर हा कर्करोग टळतो, असे वडिलांनी कोठे तरी वाचले आणि ते स्वतःच ॲस्पिरिन सुरू करायला निघाले आहेत. घ्यावी का? — एक वाचक, नाशिक

त्यांच्या वयाला, आपणहून, नको. हे उत्तर आधी देतो आणि मग कारणे सांगतो.

त्यांनी वाचलेले निराधार नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने साडेसहा लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतून 1991 मध्ये दाखवले, की महिन्यातून सोळा किंवा अधिक वेळा ॲस्पिरिन घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 40 टक्क्यांनी कमी होते. 2003 च्या एका चाचणीत, पूर्वी पॉलिप काढलेल्यांपैकी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 47 टक्के लोकांत ते परत आले, तर रोज 81 मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत 38 टक्के लोकांत. चौपट मात्रेने मात्र काहीच अधिक साधले नाही. प्रमाण 45 टक्के राहिले. वरच्या उत्तरातला प्लेटलेटचा तर्क येथे कामी येतो. प्लेटलेटना केंद्रक नसते. ॲस्पिरिनने एकदा त्यांचे कॉक्स-1 कायमचे बंद पाडले, की आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात त्या ते नव्याने तयार करू शकत नाहीत, म्हणून लहान गोळीही पुरते. लिंच सिंड्रोम या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या 861 लोकांना रोज 600 मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा निष्क्रिय गोळी देऊन दहा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा ॲस्पिरिनवाल्या 427 पैकी 40 जणांना आणि इतर 434 पैकी 58 जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. हा फायदा दिसायलाही काही वर्षे जावी लागली.

परंतु आपल्या वडिलांशी सर्वांत जुळणारी चाचणी वेगळी आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील 19,114 निरोगी वृद्धांना, बहुतेक सत्तरीच्या पुढच्यांना, रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली आणि 2018 मध्ये निकाल आले. गंभीर रक्तस्राव ॲस्पिरिनने 38 टक्क्यांनी वाढला. कर्करोगाने होणारे मृत्यू कमी तर झाले नाहीतच, उलट ॲस्पिरिन गटात 3.1 टक्के आणि दुसऱ्या गटात 2.3 टक्के असे निघाले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने 2016 मध्ये पन्नाशीतल्या काही लोकांना या कर्करोगासाठी ॲस्पिरिनची शिफारस केली होती. 2022 मध्ये ती काढून घेतली. उतारवयात पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि आज दिलेल्या गोळीचा गाठीवरचा परिणाम दिसायला लागणारी वर्षे हातात कमी असतात. त्यांना हृदयविकार असता आणि त्यासाठी डॉक्टरांनी गोळी दिली असती, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती मनाने बंद करणेही तितकेच घातक.

आपल्या घरासाठी गोळीपेक्षा उपयोगाची गोष्ट म्हणजे कोलोनोस्कोपी, दुर्बिणीची तपासणी. सख्ख्या भावाला साठीच्या आत हा कर्करोग झाला आहे, म्हणून वडिलांनी पोटविकारतज्ज्ञांशी तिच्याविषयी बोलावे, आणि काकांच्या मुलांनी ती चाळिशीपासून सुरू करावी. त्यातच पॉलिप काढूनही टाकता येतो. काकांच्या उपचारांबाबत एक नवी माहिती : ज्यांच्या गाठीत पीआय3के या, पेशींच्या वाढीचे संदेश वाहणाऱ्या मार्गातल्या जनुकांत बिघाड आहे अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना रोज 160 मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षे दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, असे उत्तर युरोपातील एका चाचणीत 2025 मध्ये दिसले. कर्करोगावरच्या उपचारानंतर ॲस्पिरिन द्यावे का, यावर ब्रिटन आणि भारत मिळून एक मोठी चाचणी चालवतात आणि तिचे भारतातले काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे आहे. तेव्हा काकांनी आपल्या डॉक्टरांना गाठीच्या जनुकतपासणीविषयी अवश्य विचारावे.

प्रश्न : मला अकरा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. माझ्या आतड्यात दाह कायमच असतो, म्हणजे गाठ होणारच का? आणि गुडघे दुखले की मी वेदनाशामक गोळी घेते, तिने दाहाची विकरे दबून उलट फायदाच होत असेल ना? — एक वाचक, म्हापसा, गोवा

होणारच असे मुळीच नाही. (इतर वाचकांसाठी : अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह व व्रण होत राहण्याचा जुनाट विकार.) धोका वाढतो तो रोग किती वर्षे आहे, आतड्याचा किती भाग व्यापला आहे आणि दाह किती धुमसत राहतो यांवर. आपल्या रोगात गाठीचा मार्ग थोडा वेगळा असतो : एपीसीचा बिघाड उशिरा येतो आणि पी53 या, एरवी गाठींना आळा घालणाऱ्या जनुकाचा लवकर. येथे दाह केवळ खत टाकत नाही, जनुकांची मोडतोड करणारे प्रखर रेणू सोडून बी पेरण्यातही भाग घेतो. 2004 मध्ये उंदरांत कोलायटिस घडवून केलेल्या एका प्रयोगात आयकेके-बीटा हे दाहाची जनुके जागी करणारे विकर दोन ठिकाणांहून वेगवेगळे काढले गेले. अस्तराच्या पेशींतून काढले, तर गाठींची संख्या फार घटली, जरी दाह कमी झाला नव्हता. संरक्षक पेशींतून काढले, तर गाठी आकाराने लहान राहिल्या. एकाच विकराने एका पेशीत गाठ तगवली आणि दुसऱ्या पेशीत ती पोसली.

गुडघ्याच्या गोळीबद्दल मात्र सावध राहा. वर सांगितलेला फायदा कोलायटिस नसलेल्यांतला आहे. दाह झालेल्या अस्तराला स्वतःची डागडुजी करायला प्रोस्टाग्लँडिने लागतात. ती अडवली तर काही रुग्णांत रोग उसळतो आणि शौचातून रक्त पुन्हा सुरू होते. गुडघ्यासाठी काय घ्यावे, हे आतड्याच्या डॉक्टरांनाच विचारा. मेसालामाइन हे या रोगावरचे दाहशामक औषध चालू असेल तर बरे वाटले म्हणून ते सोडू नका. रोगाची आठ वर्षे झाली, की दुर्बिणीची देखरेख सुरू करायची असते. आपल्याला अकरा झाली आहेत, आणि अशी तपासणी झाली की नाही हे पत्रात नाही. झाली नसेल तर पुढच्या भेटीत हाच विषय आधी काढा.

प्रश्न : हळद दाह कमी करते. मग रोज हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर या सगळ्या विकरांचा बंदोबस्त होणार नाही का? — अनेक वाचक

काचेच्या बशीतल्या पेशींवर कुरक्युमिन हा हळदीतला मुख्य घटक घातला, की कॉक्स-2 ची निर्मिती खरोखर घटते; यावर ढीगभर निबंध आहेत. पण पोटात घेतलेले कुरक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. आतड्याच्या अस्तराला ते थेट भेटते, म्हणून निदान तेथे तरी उपयोग होईल, ही आशा मात्र गैर नव्हती. 2006 मध्ये कौटुंबिक पॉलिपोसिसच्या अवघ्या पाच रुग्णांना कुरक्युमिन आणि क्वेर्सेटिन (कांद्यासारख्या भाज्यांतला एक घटक) एकत्र दिले, तर पॉलिप बरेच घटले आणि ती बातमी आपल्याकडे हळदीच्या अभिमानाने फिरली. त्याच संशोधिकेने पुढे 44 रुग्णांवर, निष्क्रिय गोळीशी तुलना करून, रोज तीन ग्रॅम कुरक्युमिन वर्षभर देऊन पाहिले. 2018 मध्ये छापलेला निकाल असा, की दोन्ही गटांत फरक पडला नाही. ती बातमी काही फिरली नाही. स्वतःचाच आशादायक निष्कर्ष अधिक कडक कसोटीला लावून तो टिकला नाही हे छापणाऱ्या त्या बाईंविषयी मला आदर वाटतो.

आमटीतली हळद निर्धास्त खावी. मिरीचा अर्क घातलेल्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे डॉक्टरांनी विचारले, तर घरगुती म्हणून त्या कॅप्सूल यादीतून वगळू नयेत.